एका अल्बमच्या दोन वाटा

हे पुस्तक मोरी कांते या गिनीच्या गायकाच्या एका अल्बमचा माग काढतं. अल्बमचं नाव ‘अक्वाबा बीच’, साल १९८७. त्यातलं ‘ये के ये के’ हे गाणं युरोपातल्या नाचघरांत शिरलं आणि तिथल्या डीजेंनी त्याची एकामागून एक नवी रूपं घडवली. आजही घडवताहेत. त्याच अल्बममधलं ‘टामा’ हे गाणं मुंबईला आलं, ‘तम्मा तम्मा लोगे’ आणि ‘जुम्मा चुम्मा दे दे’ अशा दोन हिंदी गाण्यांत उतरलं आणि लग्नांत, गणपतीत, शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये देशभर नाचलं. पहिल्या वाटेवर मोरी कांतेचा आवाज टिकला आणि नावही टिकलं. दुसऱ्या वाटेवर दोन्ही गेली. एकाच अल्बमच्या दोन गाण्यांचं नशीब इतकं वेगळं का झालं, हा माझा प्रश्न आहे. रिमिक्स चांगलं की वाईट, हा वाद मी त्याच्यापुढे दुय्यम मानतो.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाने पश्चिम आफ्रिकेतल्या गाण्यावर का लिहावं, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर या शहराच्या रस्त्यावर आहे. काचीगुड्याचं स्टेशन इथून हाकेच्या अंतरावर. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. शिक्षणाला, वकिलीला, सरकारी नोकरीला नांदेड-परभणीकडची माणसं याच शहरात येत. त्यांतली कितीतरी कुटुंबं सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा, बरकतपुरा या पट्ट्यात स्थिरावली. त्यांची नातवंडं घरात मराठी, रस्त्यावर दखनी आणि बाजारात तेलुगू बोलतात. इथल्या वरातीचं संगीतही तसंच अनेक मुलुखांचं: पितळी बँड, तेलंगणाचं डप्पू हे चर्मवाद्य आणि त्याचा तीनमार ठेका, हबशी-अरबांचा मर्फा आणि आता ट्रकवरचा डीजे. बरकतपुऱ्याच्या चमनच्या बाजूने कुणाचीही वरात जाऊ दे, हिंदू असो की मुसलमान, तेलुगू असो की मराठी, त्या डीजेच्या यादीतून ‘जुम्मा चुम्मा’ आणि ‘तम्मा तम्मा’ अजून उतरलेली नाहीत. म्हणजे मोरी कांतेच्या चालीवर बरकतपुरा गेली पस्तीस वर्षं नाचतो आहे. ज्याच्या चालीवर आपण नाचतो त्याची ओळख करून घेणं हे माझ्या मते साधं सौजन्य आहे.

मोरी कांतेचा जन्म १९५० सालचा, गिनीतल्या किसिदुगूजवळच्या एका गावातला. घराणं जेली लोकांचं. फ्रेंचांनी त्यांना ‘ग्रियो’ म्हटलं आणि जगात तेच नाव रूढ झालं. पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे समाजात जेली वंशपरंपरेने गातो. राजांच्या वंशावळी, लढाया, तह, कुणाचं कुणाशी काय नातं, हे सगळं त्याला मुखोद्गत असतं. बारसं असो, लग्न असो, दोन घराण्यांतलं भांडण मिटवायचं असो, तिथे जेली लागतो. आपल्याकडे भाट, शाहीर आणि गोंधळी यांनी वाटून घेतलेली कामं तिथे एकाच माणसाच्या अंगावर येतात. मोरीची आई मालीची. लहानपणीच त्याला आईच्या माहेरी धाडलं आणि तिथे तो बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, गाणं आणि जेलीची बाकीची विद्या शिकला. पुढे ज्या वाद्यामुळे तो जगाला माहीत झाला ते कोरा हे वाद्य एकवीस तारांचं असतं. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणून बसवायचं, त्यातून लांब दांडी काढायची आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी तारा छेडायच्या.

सत्तरच्या दशकात मालीची राजधानी बामाको इथे रेल्वे स्थानकाच्या हॉटेलात एक वाद्यवृंद रात्री वाजवत असे. त्याचं नाव ‘रेल बँड’. तो रेल्वेच्याच आश्रयाने उभा राहिला होता. स्वातंत्र्य मिळवलेल्या नव्या देशांना आपलं म्हणावं असं संगीत हवं होतं. गिनीत सेकू तूरे यांच्या सरकारनेही असेच वाद्यवृंद सरकारी पगारावर पोसले. रेल बँडमध्ये क्यूबाच्या नाचगाण्यांचे ठेके होते, इलेक्ट्रिक गिटारी होत्या आणि त्यांच्या जोडीला जेलींचे जुने पोवाडे. सलीफ केइता हा तिथला मुख्य गायक. तो १९७३ मध्ये दुसऱ्या वाद्यवृंदात गेल्यावर ती जागा मोरी कांतेकडे आली. माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची कथा त्याने रेल बँडबरोबर ध्वनिमुद्रित केली, ती जवळपास अर्धा तास चालते. ज्यांना ‘ये के ये के’ म्हणजे एक उडतं डिस्को गाणं वाटतं त्यांनी ती कथा ऐकावी. त्या दोन्हींमागचा गळा एकच आहे.

सत्तरचं दशक सरता सरता तो आयव्हरी कोस्टच्या आबिजानला गेला आणि १९८४ मध्ये पॅरिसला. त्याच वर्षीच्या ‘मोरी कांते आ पारी’ या अल्बममध्ये ‘ये के ये के’चं पहिलं रूप आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण १९८७ चं जे ध्वनिमुद्रण आपण मूळ म्हणून धरतो ते स्वतःच दुसरं रूप आहे. त्याच्याही मागे मांदे मुलुखातल्या मुलींची नाचाची गाणी आहेत. निर्माता निक पॅट्रिक याच्या देखरेखीखाली मोरीने तेच गाणं पुन्हा बांधलं: यंत्राचा सरळ, न ढळणारा ठेका, पितळी वाद्यांचे टणक फटकारे, बायकांचा झील धरणारा ताफा आणि मधूनच चमकून जाणारा कोरा. १९८८ मध्ये या गाण्याने युरोपच्या एकत्रित यादीत पहिला क्रमांक पटकावला. दहा लाखांवर खपलेली ती पहिली आफ्रिकी एकल तबकडी. मोरी तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि त्याच्यामागे जवळपास दोन दशकांची मेहनत होती.

तेव्हाही नाकं मुरडली गेली. पॅरिस आणि लंडनमध्ये आफ्रिकी संगीताचे जे दर्दी होते त्यांना सिंथेसायझर खटकला. कोऱ्याला डिस्कोत आणून बसवलं, असा त्यांचा आक्षेप होता. मला हा आक्षेप पटत नाही. गावातल्या मुलींचं नाचाचं गाणं तो नाचायलाच घेऊन निघाला होता. त्याने गाण्याची जात बदलली नाही. जेलीचं गाणं तसंही कधी गोठलेलं नसतं. समोर कोण बसलंय, प्रसंग कोणता, रात्र किती उरली, यावर कडवी वाढतात, गळतात. आपल्या गोंधळातही आख्यान रात्रीच्या मापाने लांबतं, आटोपतं. मात्र गोंधळी आख्यानाला हात घालण्याआधी ठिकठिकाणच्या देवांना नावं घेऊन बोलावतो. जेलीही आधी वंशावळ सांगतो. बदलायची मोकळीक आणि नाव घेण्याची सक्ती या दोन्ही गोष्टी या परंपरांमध्ये एकत्र नांदल्या आहेत. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते, लावणी-पोवाड्यात शाहीर स्वतःचं आणि गुरूचं नाव गुंफतो. तुकोबांच्या अभंगांना पिढ्यान्‌पिढ्या शेकडो चाली लागल्या. नाव मात्र प्रत्येक चालीत राहिलं. या पुस्तकात मी प्रत्येक रूपाला हीच कसोटी लावली आहे.

आता पहिल्या वाटेबद्दल. डीजे रिमिक्स करतो म्हणजे नेमकं काय करतो, याबद्दल आपल्याकडे फार ढोबळ समजुती आहेत. एक तगडा ठेका घालून आवाज वाढवला की झालं, असं लोकांना वाटतं. नाचघरातलं काम बारीक असतं. रेडिओवरचं गाणं तीन-चार मिनिटांत आटोपतं, कारण पुढे दुसरं गाणं किंवा जाहिरात थांबलेली असते. नाचघरातल्या माणसाला थांबायचं नसतं. म्हणून बारा इंची तबकडीवर गाणं ताणलं जातं. सुरुवातीला आणि शेवटाला नुसता ठेका ठेवतात, म्हणजे डीजेला आधीच्या गाण्याच्या ठेक्यावर याचा ठेका बसवता येतो आणि नाचणाऱ्याच्या पायांना सांधा कळत नाही. मग एकेक थर चढवायचा: झांज, बास, एखादी सुरावट. मधे सगळं काढून घ्यायचं, फक्त आवाज किंवा एखादा लांब स्वर ठेवायचा, लोकांना अधांतरी धरायचं आणि मग पूर्ण ठेका एकदम परत आणायचा. हे कधी करायचं, किती वेळ थांबवायचं, यात कारागिराची नजर दिसते. कीर्तनात बुवा टाळ-मृदंग थांबवून एका शब्दावर सभेला तोलून धरतात आणि मग ‘विठ्ठल’ म्हणत सगळी वाद्यं एकदम सुटतात, तो क्षण ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘ये के ये के’ बाजारात आलं तेव्हा इंग्लंडमध्ये ॲसिड हाउसची लाट होती. या संगीताचा जन्म शिकागोतला आणि त्याचा विशिष्ट पिळदार, कुरकुरता आवाज रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राचा. गिटारवाल्याला घरी सरावासाठी बास वाजवणारा जोडीदार मिळावा म्हणून ते यंत्र १९८१ च्या सुमारास बाजारात आलं. बासचं सोंग त्याला नीट वठेना, म्हणून खपेना; काही वर्षांत उत्पादन बंद झालं. जुन्या बाजारात ते मिळेल त्या भावाला विकलं गेलं आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी त्याच्या खुंट्या पिळून पिळून एक नवाच आवाज काढला. १९८८ मध्ये लंडनमध्ये ‘ये के ये के’चं ‘अफ्रो ॲसिड’ रूप आलं, ते याच वातावरणात. आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या माणसांच्या वंशजांनी घडवलेला नाद आणि आफ्रिकेतच राहिलेल्या जेलीचा गळा असे एका तबकडीवर भेटले. त्या तबकडीचं मोल मला खपाच्या आकड्यांपेक्षा याच्यात अधिक वाटतं.

मग १९९४ मध्ये जर्मनीतल्या डुसेलडॉर्फच्या ‘हार्डफ्लोर’ या जोडीने, म्हणजे ऑलिव्हर बोंट्झिओ आणि रामोन झेंकर यांनी, या गाण्याला हात घातला. नाचघरांमध्ये आज ‘ये के ये के’ म्हटलं की बहुतेकांच्या कानात हेच रूप वाजतं. त्यांनी पितळी वाद्यं काढली. कोरा जवळजवळ नाहीसा केला. त्याची हळहळ मला आजही वाटते. ३०३ च्या सुरावटी एकमेकींवर चढत, पिळत जातात आणि त्यांच्यामधून मोरीची हाक आणि बायकांची झील तुकड्यातुकड्यांनी वर येते. आवाजाला त्यांनी गाण्याची मध्यवर्ती जागा दिली आणि तिथवर पोचायला ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावली. डॅनी बॉइल यांच्या ‘द बीच’ या २००० सालच्या चित्रपटाने हे रूप पुन्हा नव्या पिढीच्या कानावर घातलं. त्यानंतरची रूपं मोजणं अवघड आहे: ट्रान्स, हाउस आणि आता आफ्रिकी हाउसच्या लाटेतली. त्यांतली कितीतरी रूपं सुमार आहेत. एक हाक उचलायची, तीच चार मिनिटं आपटत राहायची, एवढीच त्यांची मजल. पुस्तकात त्यांच्यावर मी फार शाई खर्च केलेली नाही.

पण सुमार असोत की उत्तम, तबकडीवर नाव येतं ते आधी मोरी कांतेचं आणि मग रिमिक्स करणाऱ्याचं. गोव्यातल्या किनाऱ्यावर किंवा हैदराबादेत गच्चीबावलीच्या एखाद्या पबमध्ये हे गाणं ऐकून एखाद्या मुलीने फोनवर शोधलं, तर ती दोन मिनिटांत गिनीला पोचते. तिथून सलीफ केइताकडे, तिथून सुंजाताच्या आख्यानाकडे. वाट मोकळी आहे.

दुसऱ्या वाटेवर अशी वाट उरलेली नाही, आणि तिथे आपलीच माणसं उभी आहेत. म्हणून या भागाला मी सर्वांत जास्त जागा दिली. राज सिप्पी यांचा ‘थानेदार’ हा चित्रपट १९९० च्या अखेरीला आला आणि मुकुल आनंद यांचा ‘हम’ १९९१ च्या फेब्रुवारीत. ‘थानेदार’चं संगीत बप्पी लाहिरींचं, ‘हम’चं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. दोन्हीकडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या, म्हणजे अनुक्रमे ‘तम्मा तम्मा’ आणि ‘जुम्मा चुम्मा’च्या, मुखड्यामागे ‘टामा’ आहे. नाव पहिल्या गाण्यात जवळजवळ तसंच राहिलं आणि दुसऱ्यात त्याचं यमक जुळलं.

या दोन गाण्यांशी जोडलेली नावं पाहा. लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. ‘तम्मा तम्मा’त बप्पीदांबरोबर गायल्या त्या अनुराधा पौडवाल, ज्यांचा आवाज मराठी घरांत भावगीतांतून आणि भक्तिगीतांतून रोज सकाळी ऐकू येतो. पडद्यावर संजय दत्तसोबत माधुरी दीक्षित, नृत्यदिग्दर्शन सरोज खान यांचं. ‘जुम्मा चुम्मा’त अमिताभ बच्चनसाठी गायले सुदेश भोसले, आणि या गाण्याने त्यांना जी ओळख दिली ती आजवर टिकली आहे. अमिताभसमोर पडद्यावर किमी काटकर. चिन्नी प्रकाश यांनी ते गाणं कुलाब्याच्या बंद पडलेल्या मुकेश मिलच्या आवारात बसवलं. गिरणगावाचा संप विरून आठेक वर्षं झाली होती, आणि ओसाड गिरणीच्या भिंतींमध्ये शेकडो नाचणाऱ्यांची गर्दी उसळली. ते चित्रण आजही पाहताना अंगावर काटा येतो. या सगळ्यांच्या कौशल्याला मी कमी लेखत नाही. सुदेश भोसलेंनी अमिताभच्या बोलण्यातला खर्ज गाण्यात ज्या सहजतेने उतरवला, सरोजबाईंनी खुर्चीवरच्या नाचात माधुरीच्या खांद्यांचा आणि मानेचा जो हिशेब मांडला, ती अस्सल कला आहे. पुस्तकातली त्या नाचावरची पानं मी भरल्या मनाने लिहिली आहेत.

श्रेयनामावलीत मात्र मोरी कांते कुठेच नाही. एकाच वेळी दोन मोठे संगीतकार एकाच परक्या गाण्याकडे वळले, दोघांची गाणी तुफान चालली, आणि ज्याची चाल त्याचं नाव त्या काळच्या एकाही कॅसेटच्या वेष्टनावर आपल्याला दिसलं नाही. तेव्हा असंच चालायचं, असं सांगून हा विषय संपवला जातो. मला तो तेवढ्याने संपवावासा वाटत नाही. भारत १९२८ पासून बर्न करारात आहे आणि आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. परदेशी रचनांना त्यात संरक्षण होतं. कायदा होता, विचारण्याची रीत नव्हती. त्याच काळात जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या गळ्यांतल्या कॅसेटी धडाक्याने निघत होत्या, त्या या कायद्यातल्या एका कलमाच्या आधाराने. मूळ धन्याला कळवायचं आणि ठरलेलं मानधन द्यायचं, असं ते कलम सांगत होतं. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं, ३१-सी आलं आणि मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबण्याची अट घातली गेली. देशातल्या देशात संगीतकार आपापल्या हक्कांसाठी भांडत होते. समुद्रापलीकडचा गायक त्या भांडणात कुणाला आठवला नाही.

आफ्रिकी गाण्यांच्या बाबतीत हे आपणच केलं असंही नाही. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या वारसांना त्याचा काही न्याय्य वाटा मिळायला २००६ उजाडलं, आणि तोवर ते गाणं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ होऊन अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या दोन पिढ्यांनी अंगाईसारखं गायलं होतं. कॅमेरूनच्या मनू दिबांगोचं ‘सोल मकोसा’ १९७२ चं. त्यातली घोषणा मायकेल जॅक्सनने १९८२ मध्ये वापरली आणि प्रकरण तडजोडीने मिटवावं लागलं. दिबांगो लढले, कारण पॅरिसमध्ये त्यांना वकील गाठता येत होता. लिंडा हयातभर दारिद्र्यात राहिले. या दोन गोष्टी पुस्तकात थोडक्यातच आहेत; त्यांच्यावर इंग्रजीत बरंच लिहिलं गेलं आहे.

२०१७ मध्ये ‘बद्रीनाथ की दुल्हनिया’ या चित्रपटात ‘तम्मा तम्मा अगेन’ आलं. तनिष्क बागची यांनी ते नव्याने बांधलं, बादशाहचा रॅप जोडला, आणि बप्पी लाहिरी व अनुराधा पौडवाल यांचे जुने आवाज तसेच ठेवले. मला हे गाणं आवडतं. जुन्या आवाजांना त्यात मान आहे, आणि ते आवाज कुणाचे हे लोकांना सांगितलं गेलं. रिमिक्सचा रिमिक्स म्हणावा असा हा प्रकार: कोऱ्यावरून सिंथेसायझर, सिंथेसायझरवरून बप्पीदांचा ऑर्केस्ट्रा, तिथून लॅपटॉप. आदराची साखळी मात्र १९९० पर्यंत येऊन थांबते. आपल्या मराठीत याच्या उलट उदाहरण आहे. ‘जत्रा’ या चित्रपटातली ‘कोंबडी पळाली’ २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली तेव्हा संगीतकार म्हणून अजय-अतुल यांचंच नाव होतं, आणि मराठी माणसाने हिंदी गाणं ऐकताना आपलं गाणं आपल्या माणसांनी नेलं, याचा आनंद मानला. तोच आनंद गिनीतल्या माणसाला ‘जुम्मा चुम्मा’ ऐकताना का मिळू नये?

इथे हैदराबादच्या मर्फ्याबद्दल लिहिणं भाग आहे, कारण आमच्या शहराला आफ्रिकेचा नाद १९९० मध्ये पहिल्यांदा मिळाला नाही. दख्खनमध्ये हबशी माणसं फार जुनी. खडकी वसवणारा मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी, ही नावं मराठी वाचकाला शाळेपासून माहीत आहेत. हैदराबादेत निजामाच्या पदरी आफ्रिकी घोडदळ होतं. मासाब टँकजवळच्या त्यांच्या वस्तीला आजही ए. सी. गार्ड्स म्हणतात. शहरातल्याच बारकसमध्ये येमेनच्या हद्रमौतहून आलेल्या अरबांची, म्हणजे चाऊशांची वस्ती. त्यांचे भाऊबंद नांदेड, परभणी, औरंगाबादेत आहेत. या दोन्ही वस्त्यांमधून मर्फा वाढला. उथळ नगारे, ढोल, डफ, काठ्यांचा कडकडाट आणि जंबिया हा वाकडा खंजीर हातात घेऊन नाचणारे तरुण. निजामाच्या मिरवणुकांतून तो लग्नांत आला, लग्नांतून राजकीय सभांत आणि खेळाडूंच्या स्वागतात.

एक खबरदारी मला घ्यावीशी वाटते. हबशांचे पूर्वज आले आफ्रिकेच्या पूर्वेकडून, आणि मोरी कांतेचा मुलूख अटलांटिकच्या बाजूला. मध्ये अख्खं खंड पडलं आहे. मर्फा आणि कोरा यांना भाऊ-भाऊ ठरवणं म्हणजे आफ्रिकेला एक गाव समजणं होईल. मर्फ्याचं प्रकरण पुस्तकात आलं ते वेगळ्या कारणाने. मर्फ्याचेही आता रिमिक्स निघतात. पथकाचं वादन फोनवर मुद्रित करायचं, त्यातला दोन-चार मात्रांचा तुकडा कापून फिरवत ठेवायचा, खाली बास भरायचा, वर एखाद्या चित्रपटगीताचा मुखडा. वरातीत तो ट्रकवरून वाजतो. पथकात आठ-दहा माणसं लागतात, त्यांना बिदागी द्यावी लागते. लॅपटॉपला एक माणूस पुरतो. पथकातला वादक नाचणाऱ्याच्या पायांकडे बघत लय चढवतो आणि उतरवतो. कापलेल्या तुकड्याला पाय दिसत नाहीत. तरीही त्या तुकड्यांनी मर्फा अशा तरुणांच्या कानावर घातला आहे ज्यांनी कधी बारकस पाहिलं नाही, आणि हे मला मोलाचं वाटतं. माझी मागणी एवढीच, की तो तुकडा कुठल्या पथकाचा, नगाऱ्यावर कोण होतं, हे त्या ध्वनिफितीवर लिहिलेलं असावं. आज ते बहुतेक वेळा नसतं. जे मोरी कांतेबाबत मुंबईने केलं, ते आपण आपल्याच गल्लीतल्या वादकांबाबत करतो आहोत.

२०२४ च्या ऑक्टोबरात हैदराबाद पोलिसांनी धार्मिक मिरवणुकांत डीजेला बंदी घातली. रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकाविरुद्धचे नियम तर २००० सालापासून आहेत. ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी म्हाताऱ्यांचे आणि लहानग्यांचे जे हाल होतात ते बरकतपुऱ्यातल्या अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्याला सांगावे लागत नाहीत, आणि त्या बंदीला माझा पाठिंबा आहे. पण त्या चर्चेत ‘रिमिक्स’ आणि ‘गोंगाट’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले गेले, त्याला माझा विरोध आहे. आवाज किती असावा हा प्रश्न पोलिसांचा आणि डॉक्टरांचा. रूप कसं असावं हा प्रश्न कलेचा, आणि त्याची चर्चा त्याच बारकाईने व्हायला हवी जिने आपण ख्यालाची किंवा लावणीची करतो.

मोरी कांते २२ मे २०२० रोजी कोनाक्रीत वारला. सत्तर वर्षांचा होता. टाळेबंदीचे दिवस होते. मराठी वर्तमानपत्रांत ती बातमी माझ्या पाहण्यात आली नाही. तेव्हापासून हे पुस्तक लिहायचं मनात होतं.

वाचताना गाणी सोबत ठेवावीत, अशी विनंती आहे. क्रम असा ठेवला तर वाचायला सोपं जाईल: आधी रेल बँडचं सुंजाताचं आख्यान, मग १९८४ चं ‘ये के ये के’, मग १९८७ चं, मग हार्डफ्लोरचं. त्यानंतर ‘टामा’ आणि लगेच ‘तम्मा तम्मा’ व ‘जुम्मा चुम्मा’, मधे काही न ऐकता. १९८४ आणि १९८७ च्या रूपांतला फरक ऐकताना बायकांच्या झिलीकडे लक्ष द्यावं. पहिलं प्रकरण तिच्यावरच आहे.

बरकतपुरा, हैदराबाद